ज्वालेवर तापणारी बाष्पनलिका आणि आपले धूमनेत्र

परदेशस्थ आप्तांकडून आलेली बोटभर लांबीची एक धातूची नळी पुढे ठेवून, "वैद्यराज, हिच्यातून आपली वनौषधी घेता येईल का?" असे विचारणारे रुग्ण आता अधूनमधून भेटू लागले आहेत. औषधालयाच्या गल्ल्यावरही अशी विचारणा होते. या नळीत वनस्पती जाळावयाची नसते, केवळ तापवावयाची असते. म्हणून ती धूमपानाची निर्धोक सुधारित आवृत्ती होय, अशी समजूत तिच्यासोबत येते. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग आपल्या शास्त्राशी आणि व्यवसायाशी निगडित असल्याने या उपकरणाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील डायनाव्हॅप या कंपनीची 'व्हॅपकॅप' ही या प्रकारची प्रसिद्ध नळी. पाश्चात्त्य देशांत अशा उपकरणांचा मुख्य उपयोग गांजासाठी होतो, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. नळीच्या एका टोकाला पोलादाची वा टायटॅनियमची लहानशी कुपी असते. तीत सुमारे 0.1 ग्रॅम, म्हणजे आपल्या मानाने जेमतेम एक रत्ती, सुके द्रव्य मावते. कुपीच्या तळाशी जाळी, आत एक बारीक नळी, बाहेरील बाजूस हवेचे एक छिद्र आणि वर टोपण, एवढाच सारा संभार. खरी युक्ती टोपणात आहे. त्यात निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडचकती असते. विजेच्या इस्त्रीतील तापनियंत्रकाचे तत्त्वही हेच. ठरावीक उष्णता पोहोचताच चकती उलट वळते आणि 'टक्' असा आवाज होतो. थंड झाल्यावर ती पूर्ववत होते, तेव्हा पुन्हा आवाज येतो.

वापराची रीत अशी. द्रव्य चूर्ण नसावे, भरड असावे. यवकूट म्हटले की आपणांस नेमके कळेल. वस्त्रगाळ चूर्ण जाळीतून थेट घशात जाते. भरड कुपीत हलकेच भरावी, ठासू नये, अन्यथा हवा खेळत नाही. टोपण लावून सोनाराकडे असते तशा ब्यूटेन वायूच्या छोट्या टॉर्चच्या ज्वालेवर नळी बोटांनी सतत फिरवीत तापवावी. मेणबत्ती वा काडी वापरल्यास काजळी धरते. पहिला आवाज येताच ज्वाला दूर करावी आणि सावकाश श्वास ओढावा. दुसरा आवाज येईपर्यंत मात्र पुन्हा तापवू नये. अनेकांची गफलत येथेच होते: चकती पूर्ववत होण्यापूर्वी ज्वाला धरली तर इशाऱ्याचा आवाज येतच नाही आणि आतील द्रव्य जळते.

उष्णता कमीअधिक करण्यास कळ वा आकडे नाहीत. सारे हातावर आहे. ज्वाला टोपणाच्या शेंड्यापाशी धरली तर चकती लवकर तापते, आवाज लवकर येतो आणि द्रव्य सौम्य तापते. ज्वाला टोपणाच्या कडेकडे, म्हणजे मुखाच्या दिशेने, सरकवली तर कुपी आधी तापते, आवाज उशिरा येतो आणि द्रव्याला अधिक आच लागते. टॉर्च एका ज्वालेची की तीन ज्वालांची, यानेही वेळ बदलते. बाजूचे छिद्र मोकळे ठेवल्यास बाहेरची हवा मिसळून बाष्प निवते व विरळ होते. बोटाने झाकल्यास दाट येते. निलगिरीतील सिनिओल 176 अंश सेल्सिअसला उकळते, लिनालूल 198, ओव्यातील थायमॉल 232, तर तुळशीत व लवंगेत आढळणारे युजेनॉल सुमारे 254 अंशांना. सुके पान साधारण 230 अंशांच्या पुढे होरपळू लागते. तरीही शेवटची दोन द्रव्ये अंशतः मिळतात, कारण वाहत्या हवेत तेल उकळण्यापूर्वीच उडू लागते. ओले वस्त्र न उकळता वाळते तसेच.

आता आपल्या धूमनेत्राकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात नेत्राची लांबी वैरेचनिक धूमासाठी 24, स्नैहिकासाठी 32 आणि प्रायोगिकासाठी 36 अंगुले सांगितली आहे. नेत्र सरळ, तीन कोशांचे आणि अग्रभागी बोराच्या आठळीएवढ्या छिद्राचे असावे. दुरून आलेला, पर्वांनी खंडित झालेला आणि नळीने सूक्ष्म केलेला धूम इंद्रियांना पीडा देत नाही, असे कारणही तेथेच दिले आहे. व्हॅपकॅपची आतील बारीक नळी बाष्प निववण्याचेच काम करते. पण 36 अंगुलांपुढे हिची लांबी ती किती! म्हणूनच काही लोक काचेचे जोड लावून बाष्प पाण्यातून घेतात. दम्याच्या रुग्णास उष्ण बाष्पाने श्वासनलिका आकसण्याचा धोका आहेच. तो असे जोड लावल्याने नाहीसा होत नाही.

यापुढचा भेद महत्त्वाचा आहे. प्राचीन नेत्रातून वर्तीचा धूम घेतला जाई. प्रायोगिक वर्तीत गुग्गुळ आणि सर्जरस आहेत, स्नैहिकात वसा, घृत आणि मेण, तर वैरेचनिकात हरताळ व मनःशिळा आहेत. यांतील एकही योग या धातूच्या कुपीत घालण्याजोगा नाही. गुग्गुळ वितळून जाळी बंद करतो. घृत वा तेल यांचे सूक्ष्म कण फुफ्फुसात गेल्यास होणारी हानी सर्वज्ञात आहे. अमेरिकेत 2019 मध्ये बाष्प ओढणाऱ्यांत फुफ्फुसविकाराची जी साथ आली, तिचा निकट संबंध द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तैलसदृश द्रव्याशी आढळला. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण आणि 68 मृत्यू नोंदले गेले. हरताळ व मनःशिळा ही तर सोमलाचीच संयुगे. ती तापवून कोणी श्वासावाटे घेतली तर 'जाळले नाही, नुसते तापवले' हा युक्तिवाद कोणाच्या कामी येणार?

धत्तूरपत्राविषयीही असेच. श्वासरोगात त्याच्या धुराचा प्रयोग आपल्याकडे जुना आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो मद्रासहून इंग्लंडात गेला. परंतु पानातील अल्कलॉइडांचे प्रमाण झाडागणिक बदलते, आणि नळीतून त्यांतील किती भाग पोटात उतरला याला कोणतेही माप नाही. धत्तूर, भांग, हरताळ व मनःशिळा ही चारही द्रव्ये औषधनियमांच्या ई(1) अनुसूचीतील विषद्रव्यांत मोडतात. कापूर ज्वालाग्राही असल्याने टॉर्चजवळ त्याचे काम नाही. उरतात ती तुळस, निलगिरी, पुदिना यांसारखी सुगंधी पाने. आणि त्यांचे बाष्प गरम पाण्याच्या वाफाऱ्याने निम्म्या खटाटोपात मिळते, हे माझे स्पष्ट मत आहे.

न जाळण्याचा लाभ मात्र खरा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे डोनाल्ड एब्रम्स यांच्या चमूने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विजेवरील बाष्पयंत्रातून गांजा घेणाऱ्यांच्या उच्छ्वासात कार्बन मोनॉक्साइड धूम्रपानाच्या मानाने बरेच कमी आढळले. सहभागी अवघे 18 होते आणि अभ्यास एका द्रव्यापुरता होता. त्यावरून आपल्या वनौषधींचा निष्कर्ष काढता येत नाही.

औषधालयचालकांसाठी दोन शब्द. इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंधक कायदा, 2019 अन्वये अशा साधनांचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांस बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. व्याख्येत 'न जाळता तापविणारी' उत्पादनेही अंतर्भूत आहेत. व्याख्येचा आरंभ 'इलेक्ट्रॉनिक उपकरण' या शब्दांनी होतो, त्यामुळे केवळ ज्वालेवर तापणारी नळी तीत बसते की नाही यावर वाद घालता येईल. पण तो वाद आपल्या दुकानावर का ओढवून घ्यावा? या नळीसाठी विजेच्या वेटोळ्याचा तापक हे लोकप्रिय उपसाधन मिळते. ते जोडताच हा युक्तिवादही लंगडा पडतो.

रुग्णाकडे नळी आधीच असेल तर स्वच्छतेचे सांगावे. रबरी कड्या काढून धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवावेत, पूर्ण वाळवावेत, आणि तोवर टॉर्च दुसऱ्या खोलीत असावी. वाग्भटांनी 18 वर्षांखालील व्यक्तीस धूम निषिद्ध मानला आहे; गर्भिणी आणि रक्तपित्ताचे रुग्ण यांनाही तो वर्ज्यच. पुढील भेटीस वापरलेली भरड कागदाच्या पुडीत आणावयास सांगावे. ती भाजलेल्या कॉफीसारखी तपकिरी असेल तर ज्वाला बेताची धरली गेली. काळी असेल वा राख दिसली, तर रुग्ण बाष्प नव्हे, धूरच ओढीत आहे, आणि त्याच्या वाढलेल्या खोकल्याचा विचार तेथून सुरू करावा.