चित्रीकरण, दूरस्थ बेटांवरील

उष्ण कटिबंधातील, मुख्य भूमीपासून दूर असलेल्या बेटावर चित्रपटाचे प्रत्यक्ष चित्रण करण्यासाठी आखावयाची पूर्वयोजना. चित्रपटनिर्मितिगृहात प्रकाश, पार्श्वभूमी व वेळ यांवर निर्मात्याचे नियंत्रण असते. बेटावर ते ऋतू, भरती-ओहोटी आणि गोड्या पाण्याचा साठा यांच्याकडे जाते. लागणारी प्रत्येक वस्तू जलमार्गाने वा हवाई मार्गाने न्यावी लागते व काम संपल्यावर परत आणावी लागते. विसरलेली वस्तू वेळेवर मिळत नाही आणि बेटाला पोहोचलेली इजा सहसा लवकर भरून निघत नाही.

स्थळपाहणी : चित्रीकरण ज्या महिन्यांत करावयाचे, त्याच महिन्यांत आधीच्या वर्षी स्थळाची पाहणी करणे इष्ट असते. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी किनाऱ्यावर ऊन कोणत्या दिशेने येते, नांगर टाकण्यास सुरक्षित जागा कोठे आहे आणि प्रवाळभित्तीतील वाट नौकेस पुरेशी खोल केव्हा असते, याच्या नोंदी केल्या जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण व अष्टमीच्या सुमारास येणारा भांग यांमुळे पुळणीची रुंदी बदलते. त्यामुळे एकाच प्रसंगातील दृश्ये जुळण्यासाठी भरतीचे कोष्टक पाहून दिवस ठरवितात. लाटांच्या आवाजामुळे संवाद पुष्कळदा नंतर निर्मितिगृहात पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागतात.

ऋतू व वेळापत्रक : उष्ण कटिबंधात भर दुपारी सूर्य डोक्यावर असल्याने चेहऱ्यांवर गडद सावल्या पडतात आणि संधिप्रकाश अल्पकाळ टिकतो. म्हणून महत्त्वाची दृश्ये सकाळी व दुपारनंतर घेऊन मधला वेळ विश्रांती व तयारी यांसाठी ठेवतात. पावसाळा टाळणे हा मुख्य नियम होय. म्यूटिनी ऑन द बाउंटी (१९६२) या चित्रपटासाठी कॅनडातील लूननबर्ग येथे बांधलेले जहाज ताहितीला नियोजित वेळेपेक्षा उशिरा पोहोचले आणि तोवर तेथील पावसाळा सुरू झाला. काम रेंगाळले, खर्च वाढला. मूळ दिग्दर्शक कॅरल रीड बाहेर पडले व ल्यूइस माइलस्टोन यांनी त्यांची जागा घेतली. याउलट कास्ट अवे (२०००) या फिजीतील मोनुरिकी बेटावर चित्रित झालेल्या चित्रपटात खंड आधीच योजलेला होता. नायक टॉम हँक्स यांना कृश होता यावे, म्हणून काम सु. एक वर्ष थांबविण्यात आले. त्या काळात दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी बरेचसे तेच तंत्रज्ञ घेऊन व्हॉट लाइज बिनीथ (२०००) हा दुसरा चित्रपट तयार केला.

निवास व पाणी : लहान प्रवाळ बेटांवर पावसाचे मुरलेले गोडे पाणी भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या पातळ थरात तरंगत असते. त्याचा बेसुमार उपसा केल्यास विहिरी मचूळ होतात व स्थानिक रहिवाशांचे पाणी तुटते. म्हणून शंभर माणसांच्या पथकास, पिण्यासाठी माणशी ५ लिटर धरले तरी, रोज ५०० लि. पाणी बाहेरून आणावे लागते. स्नान व स्वयंपाक यांचे पाणी वेगळेच. शक्य तेथे मुक्काम जवळच्या मोठ्या बेटावर वा जहाजावर ठेवून निर्जन बेटावर केवळ दिवसा काम करतात. वैद्य, औषधे व रुग्णास हलविण्यासाठी सतत सज्ज असलेली नौका यांची व्यवस्था आवश्यक असते.

साधनसामग्री : खाऱ्या हवेने धातूचे भाग गंजतात, तर दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणल्यास भिंगावर बाष्प साचते. म्हणून तो बंद पेटीतच बाहेरच्या तापमानाला येऊ देतात. अंकीय चित्रणाच्या किमान दोन प्रती करून त्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. फिल्मच्या काळात ही अडचण अधिक होती. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी मोआना (१९२६) हा चित्रपट सामोआतील सव्हाई बेटावर तयार करताना फिल्म एका गुहेत धुतली. तेथील पाण्यात उतरलेल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे फिल्मवर डाग पडले व तेच पाणी प्याल्याने फ्लाहर्टी यांना विषबाधा झाली.

परवानगी व पर्यावरण : भारतात लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश परवाना लागतो. अंदमान व निकोबार बेटांतील आदिवासींसाठी राखीव क्षेत्रे १९५६ च्या विनियमान्वये बाहेरच्यांना बंद आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियमाने (१९७२) प्रवाळांनाही संरक्षण दिले आहे. परवाना मिळाल्याने मात्र योजनेची जबाबदारी संपत नाही, हे द बीच (२०००) या चित्रपटाच्या उदाहरणावरून दिसते. थायलंडमधील फी फी ले बेटावरील ‘माया बे’ हा लहान उपसागर राष्ट्रीय उद्यानात मोडतो. वन विभागाच्या परवानगीने १९९९ मध्ये तेथे चित्रीकरण झाले. पुळण पडद्यावर अधिक रम्य दिसावी, म्हणून वाळूचे उंचवटे सपाट करण्यात आले, तेथील झुडपे काढून नारळाची झाडे लावण्यात आली. अशा झुडपांची मुळे वाळू धरून ठेवतात. ती निघाल्यावर पावसाळी लाटांपुढे किनारा उघडा पडतो. स्थानिक संस्थांनी दावा दाखल केला. चित्रीकरणाने पर्यावरणाची हानी झाली, हा निर्णय २००६ मध्ये थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. किनाऱ्याच्या पुनर्स्थापनेविषयीचा अंतिम निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये लागला. दरम्यान चित्रपटाच्या प्रसिद्धीमुळे तेथे दररोज हजारो पर्यटक येऊ लागले. नौका व गर्दी यांमुळे प्रवाळांची इतकी हानी झाली, की जून २०१८ मध्ये हा उपसागर बंद करावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये तो मर्यादित संख्येतील पर्यटकांसाठी खुला झाला. मात्र नौकांना आत प्रवेश नसून त्या बेटाच्या मागील बाजूस थांबतात. म्हणून चित्रीकरणापूर्वीच्या स्थितीची तपशीलवार नोंद, पूर्वस्थिती आणण्यासाठी राखून ठेवलेली रक्कम आणि चित्रपट प्रदर्शित झाल्यावर वाढणाऱ्या गर्दीचा विचार हे बेटावरील चित्रीकरणाच्या योजनेचे आवश्यक भाग ठरतात.