रोजची खेप आणि घरचें काम

१३२७ सालीं महंमद तुघलकानें राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली, तेव्हां तो प्रवास लोकांस फार महाग पडला. आज दौलताबादेहून छत्रपती संभाजीनगरास नोकरीसाठीं जाणाऱ्यास आपली रोजची खेप केवढ्यास पडते, हें सहसा ठाऊक नसतें.

अंतर सुमारें १५ किलोमीटर. जाऊन येऊन ३०. महिन्याचे २५ दिवस धरले, तर ७५० किलोमीटर होतात. लिटरमागें ५० किलोमीटर चालणाऱ्या दुचाकीस १५ लिटर पेट्रोल लागेल. भाव १०० रुपये धरला, तरी १,५०० रुपये झाले. शिवाय वाटेंत रोज एक तास गेला, तर महिन्याचे २५ तास, म्हणजे कामाचे तीन दिवस गेले.

मग घरीं बसून काम करणें स्वस्त काय? २०२० च्या टाळेबंदींत अनेकांनीं हें करून पाहिलें. भाडें वांचलें खरें. पण वीज, इंटरनेट, टेबल-खुर्ची आणि घरांतील एक कोपरा, हा सारा खर्च कचेरीच्या वहींतून नोकराच्या वहींत आला. येवल्याच्या पैठणी विणकरांस ही गोष्ट नवी नाहीं. घरांतील जागा मागानें व्यापलेली. आणि घरच्या माणसांनीं कामास हात लावला, तरी त्यांची मजुरी निराळी कोण मांडतो?

म्हणून दोन्ही बाजू लिहून काढाव्या : एकीकडे भाडें व तास, दुसरीकडे जागा, वीज व साधनें. आणि घरचें काम पत्करण्यापूर्वीं मालकास स्पष्ट विचारावें, कीं हा दुसरा खर्च कोणाच्या खातीं?