चार दिवस, कडाक्याची थंडी आणि तीन वर्षांचं मूल: व्हिएन्नाची सहल जमवायची कशी?

डिसेंबरच्या सुट्टीत चार-पाच दिवस परदेशात जाऊन येऊ म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, 'एवढ्याशा लेकराला घेऊन? तेही थंडीत?'

काळजी रास्त आहे. पण थंडीवर कपड्यांचा उपाय असतो. त्याहून अवघड असतं ते घड्याळ. मूल पहाटे अडीचला टक्क जागं आणि संध्याकाळी पाचला पेंगुळलेलं असेल, तर आईबाबांनी कागदावर आखलेली सहल पहिल्याच दिवशी कोलमडते.

हे गणित समजून घेण्यासाठी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाचं उदाहरण घेऊ.

मुलाचं घड्याळ नेमकं कुठे अडकतं?

हिवाळ्यात व्हिएन्ना भारताच्या साडेचार तास मागे असतं. म्हणजे घरी सकाळी सातला उठणारं मूल तिथे पहाटे अडीचला उठणार. घरी रात्री नऊला झोपत असेल, तर तिथे दुपारी साडेचारलाच डोळे चोळायला लागणार.

नव्या वेळेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारणपणे दर तासाच्या फरकामागे एक दिवस लागतो, असं ढोबळमानाने धरतात. या हिशोबाने चार दिवसांच्या सहलीत मूल रुळेपर्यंत परतीचं विमान आलेलं असतं. त्यामुळे मुलाला तिथल्या वेळेत पूर्णपणे बसवण्याचा हट्ट सोडलेला बरा. थोडं ओढून संध्याकाळी साडेसहा-सातला झोपवायचं आणि पहाटे चारला उठणार हे धरूनच चालायचं. हॉटेलऐवजी छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, तर पहाटे चारला लागणाऱ्या भुकेची सोय होते.

मग चारलाच अंधार पडतो, त्याचं काय?

डिसेंबरच्या मध्यात व्हिएन्नात सकाळी पावणेआठच्या आसपास उजाडतं आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो. जेमतेम सव्वाआठ तासांचा दिवस. मोठ्यांना हा तोटा वाटतो. भारतातून गेलेल्या लहान मुलासाठी मात्र तो फायद्याचा आहे.

व्हिएन्नाच्या टाऊन हॉलसमोर, म्हणजे राटहाउसच्या चौकात, नोव्हेंबरच्या मध्यापासून 26 डिसेंबरपर्यंत नाताळचा बाजार भरतो. त्याची खरी मजा दिवे लागल्यावर. उन्हाळ्यात शहराची रोषणाई पाहायला रात्री नऊ वाजेपर्यंत थांबावं लागलं असतं. डिसेंबरमध्ये सव्वाचारला दिवे पाहायचे, मुलाला गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायचं आणि साडेपाचला खोलीवर परतायचं. बाजारात गरम 'पुन्श' मिळतं, त्यात दारू असते. मुलांसाठी 'किंडरपुन्श' मागायचं, ते बिनदारूचं असतं.

दिवस कसा आखायचा?

साधं सूत्र: दिवसाला एक उघड्यावरची जागा, एक छताखालची जागा आणि मध्ये झोप. याहून जास्त काही नाही.

सकाळ ही मुलाची सगळ्यात ताजी वेळ. शोनब्रुन प्राणिसंग्रहालय सकाळी नऊला उघडतं. 1752 साली सुरू झालेलं हे प्राणिसंग्रहालय आजही चालू असलेल्यांपैकी जगातलं सगळ्यात जुनं मानलं जातं. इथे उष्ण कटिबंधातल्या जंगलासारखं उबदार घर आहे. बाहेर हत्ती पाहून गारठलेल्या मुलाला तिथे नेता येतं.

दुसऱ्या दिवशी निसर्गविज्ञान संग्रहालय. डायनासोरचे सांगाडे मुलांसाठी आणि सुमारे 29,500 वर्षांपूर्वीची, जेमतेम 11 सेंटिमीटरची 'विलेनडॉर्फची व्हीनस' ही मूर्ती मोठ्यांसाठी. 19 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. एरवी मंगळवारी ते बंद असतं, हे आखणी करताना लक्षात ठेवा. तिसऱ्या दिवसासाठी 'हाउस देस मेरेस' हे मत्स्यालय आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या बुरुजात आज शार्क आणि कासवं राहतात.

फिरायला मेट्रो सोयीची. 6 वर्षांखालच्या मुलांना शहर वाहतुकीचं तिकीट लागत नाही आणि स्थानकांवर लिफ्ट असल्यामुळे बाबागाडी नेता येते.

थंडीपासून मुलाला कसं जपायचं?

दिवसाचं तापमान शून्य ते पाच अंशांच्या आसपास असतं. लहान मुलांचं शरीर वजनाच्या मानाने जास्त पृष्ठभागाचं असतं, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं. त्यातही बाबागाडीत बसलेल्या मुलाला जास्त जपावं लागतं. आपण चालत असतो म्हणून आपल्याला ऊब येते. ते नुसतं बसून असतं.

एका जाड जॅकेटपेक्षा तीन थर बरे: आत अंगाला चिकटणारं थर्मल, मध्ये लोकरीचं किंवा फ्लीसचं, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. आतला कपडा सुती नको, कारण घामाने ओला झाला की तो वाळत नाही आणि अंग गार करतो. मुलाला थंडी वाजतेय का, हे हातांवरून ठरवू नका. हात गारच लागतात. मानेच्या मागे कपड्यात बोटं घालून पाहा. तिथे गार लागलं तर आत जायची वेळ झाली. घाम लागला तर एक थर काढा. मेट्रोत किंवा दुकानात शिरताच जॅकेट काढायला विसरू नका.

निघण्यापूर्वी काय पाहायचं?

• व्हिसा: मुलाला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क 90 युरो आहे, 6 वर्षांखालच्या मुलांना ते माफ. केंद्राचा सेवा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत 15 दिवस आधीची असली, तरी तोवर थांबू नका.

• विमा: किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा व्हिसासाठी सक्तीचा आहे. मुलाचाही.

• विमान: दोन वर्षं पूर्ण झाली की मुलाला वेगळी सीट घ्यावी लागते.

• खाऊ: युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड घरीच ठेवायचं. बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक मर्यादेत सूट आहे. मेतकूट मात्र बिनदिक्कत न्या. तांदूळ तिथल्या दुकानात मिळतो.

• रविवार: रविवारी आणि 25, 26 डिसेंबरला बहुतेक दुकानं बंद असतात. दूध, केळी, डायपर आदल्या दिवशीच आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्थानकांवरची काही दुकानं उघडी असतात.

• आजारपण: रुग्णवाहिकेसाठी 144, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 1450.

पण एवढ्या खर्चात एवढंच पाहायचं?

हा प्रश्न पडणारच. या आखणीत राजवाड्याची दालनं नाहीत, ऑपेरा नाही, शेजारच्या ब्रातिस्लाव्हाची धावती फेरीही नाही. ज्यांना हे सगळं हवंच आहे, त्यांनी मूल आणखी मोठं होईपर्यंत थांबावं किंवा दिवस वाढवावेत. एका दिवसात पाच ठिकाणं कोंबली, तर संध्याकाळी रडणारं मूल आणि एकमेकांवर चिडलेले आईबाबा एवढंच हाती उरण्याची शक्यता जास्त.

तिकीट काढण्यापूर्वी एक सोपी चाचणी घरीच घेता येईल. मुलाचं रविवारचं वेळापत्रक कागदावर लिहा आणि प्रत्येक वेळेतून साडेचार तास वजा करा. समोर येईल ते तुमचं व्हिएन्नाचं वेळापत्रक. ते पाहून जावंसं वाटलं, तर खुशाल जा.