हात अधू असणाऱ्यांनी कॅमेरा कसा निवडावा

हात अधू झालेल्या माणसाला काही धंदा काढून द्यावयाचा म्हटले, की आपल्याकडे पानठेला किंवा किराणा दुकान यांपलीकडे कोणी जात नाही. त्याने छायाचित्रकार व्हावे असे म्हणावे, तर ऐकणारे हसतात. कॅमेरा हे दोन हातांचे, दहा बोटांचे यंत्र आहे, अशी सर्वांची समजूत. ती बव्हंशी खोटी आहे. ती कशी, हे संस्थेच्या सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस सांगावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

अधू हात आपल्या सावरगावला नवे नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते, शेकडो माणसे जखमी होतात, आणि कोणाच्या मनगटाला बसलेला मार जन्माचा सोबती होतो. कडबा कापण्याच्या यंत्रात सापडलेली बोटे, लकव्याने लुळा पडलेला हात, हे तर गावोगाव आहे. भारतातील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. परंतु त्यापूर्वी ज्यांस तो झाला, त्यांपैकी कितीतरी जण आज घरचे कर्ते स्त्रीपुरुष आहेत. कुष्ठरोगातून बरे झालेले, पण बोटे आखडलेले हात किती उद्योग करू शकतात, हे वरोऱ्याजवळच्या आनंदवनाने केव्हाच दाखवून दिले आहे.

कॅमेरा घ्यावयाचा झाला की लोक प्रथम विचारतात, सर्वांत हलका कोणता? प्रश्न वाजवी आहे, पण पहिला नव्हे. चेकोस्लोव्हाकियातील प्राग शहराचे जगप्रसिद्ध छायाचित्रकार जोसेफ सुदेक (१८९६–१९७६) हे मूळचे पुस्तकबांधणी करणारे. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्यांचा उजवा हात गेला. पुढे त्यांनी जे कॅमेरे वापरले ते हलके मुळीच नव्हते. मोठ्या काचेचे, तिकाटण्यावर ठेवण्याचे, अवजड असे होते. प्रागच्या लांबरुंद दृश्यांचा त्यांचा ग्रंथ १९५९ साली निघाला. एका हाताच्या माणसाला हे साधले, कारण कॅमेऱ्याचा भार तिकाटणे वाहत होते व हाताला फक्त कळ चालवावी लागत होती.

म्हणून आम्ही म्हणतो की आधी कॅमेरा पाहू नये, हात पाहावा. हातात कोणते काम शिल्लक आहे? वजन पेलते का, बोट दाबते का, चिमूट धरता येते का, कंप आहे का, स्पर्श कळतो का? जे हाताला जमत नाही ते खांदा, मान, पाय, आवाज किंवा तिकाटणे यांच्याकडे सोपवता आले, म्हणजे निम्मी निवड झाली.

वजनाचा हिशेब असा. २०१६ साली निघालेला कॅननचा ५डी मार्क ४ हा ८९० ग्रॅमचा. त्याला लग्नकामाची २४–७० ची जाड लेन्स लावली की आणखी ८०५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलो. त्याच कंपनीचा २०२३ सालचा आर५० हा लहान लेन्ससह सुमारे अर्धा किलो भरतो. ज्याला हातातच धरून काम करावयाचे आहे त्याने दुसरा घ्यावा, यात वाद नाही. गळ्यातील पट्टा ताठ ओढून कॅमेरा छातीशी धरावा आणि वर वळणाऱ्या पडद्यात खाली मान घालून पाहावे. जुन्या स्टुडिओतले दोन भिंगांचे कॅमेरे असेच पोटाशी धरीत.

कळ दाबण्याची गोष्ट अधिक महत्त्वाची. कॅमेऱ्याची कळ व मूठ उजवीकडे असते, त्यामुळे डाव्याच हाताचा माणूस अडतो. जर्मनीतील ड्रेस्डेनचा एक्झॅक्टा हा कॅमेरा कळ डावीकडे असलेला होता, पण आता तो संग्रहालयाची वस्तू झाला. आज उपाय निराळा आहे. कॅननच्या १५००डी सारख्या साध्या कॅमेऱ्याला बाजूस एक बारीक छिद्र असते. अडीच मिलिमीटरची पिन तेथे बसते. तिच्या आतील तारा एकमेकींस टेकल्या की प्रथम नेम साधला जातो व मग छबी निघते. या तारांना पायाने दाबण्याचे बटण जोडता येते, आणि हे काम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीरही करू शकतो. अशी सोय ज्या कॅमेऱ्यात नाही तो, कितीही नवा असला तरी, या कामास आम्ही कमी लेखतो.

मोबाइल फोनला हसू नये. तो सुमारे दोनशे ग्रॅमचा असतो आणि त्याचे लहानसे बिनतारी बटण कोपराखालीही दाबता येते. सॅमसंगचे बरेच फोन ‘स्माइल’ किंवा ‘शूट’ म्हटले की छबी घेतात. (वरातीच्या बँडपुढे मात्र आवाजाचा उपाय चालत नाही.) पडद्यास बोटाऐवजी बोटाचे पेर लावले तरी चालते, परंतु लाकडी किंवा प्लास्टिकचा कृत्रिम हात पडद्याला कळत नाही, त्यासाठी वीज वाहणाऱ्या टोकाची खास कांडी लागते.

हात थरथरत असेल तर वेग वाढवावा, सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहूनही कमी काळ ठेवावा, आणि एका दाबात अनेक छब्या निघतील असे करावे. लेन्स फिरवणे जमत नसल्यास न फिरणारी, एकाच मापाची लेन्स घेऊन आपणच पुढेमागे चालावे. गोटमारीसारख्या प्रसंगी गर्दीत जाणे नकोच. पात्रात रोवलेले पळसाचे झाड जागचे हलत नाही, तेव्हा गच्चीवर तिकाटणे लावून नेम आधीच बांधून ठेवता येतो.

एक सूचना कुष्ठरोगाने स्पर्श गेलेल्यांसाठी. वैशाखातल्या उन्हात धातूचा कॅमेरा तापतो आणि हाताला ते कळत नाही. पट्ट्याची कडीही नकळत कातडी घासते. मूठ व कड्या मऊ कापडाने गुंडाळाव्यात, आणि काम संपल्यावर दोन्ही हात डोळ्यांनी नीट तपासावेत.

खरेदीला नागपूरला जाताना ज्याचा कॅमेरा त्यालाच न्यावे, पुतण्याला पाठवू नये. पुतण्याच्या हातात बसलेला कॅमेरा पुढे पुतण्याकडेच राहतो. दुकानात दहा मिनिटे तो धरावा, शंभर छब्या काढाव्यात, मग कोणाची मदत न घेता बॅटरीचे झाकण उघडावे व कार्ड बाहेर काढावे. बारीक कार्डाला नखाची चिमूट लागते, आणि पुष्कळांचे तेथेच अडते. त्यांनी तारेने आतच चार्ज होणारा व छब्या बिनतारी पाठवणारा कॅमेरा मागावा. संस्था पैसे देणार असेल तर सगळी रक्कम कॅमेऱ्यात घालू नये. काही भाग मजबूत तिकाटणे, पायाचे बटण आणि एका खटक्यात बसणारी-निघणारी तिकाटण्याची पट्टी यांसाठी राखावा.