कीटक वर्तन : आनुवंशिकी व क्रमविकास

परिसरातील किंवा शरीरांतर्गत उद्दीपनांना कीटक ज्या क्रियांनी प्रतिसाद देतो, त्या सर्वांस मिळून कीटकाचे वर्तन म्हणतात. अन्न शोधणे, जोडीदारास आकृष्ट करणे, घरटे बांधणे, संततीचे पोषण करणे आणि शत्रूपासून बचाव करणे ही त्याची प्रमुख अंगे होत. यांतील पुष्कळशा क्रिया कीटकास शिकाव्या लागत नाहीत. मातीचे घरटे बांधणारी कुंभारीण कोशातून बाहेर येते, तेव्हा तिला काही दाखविण्यास कोणीही जवळ नसते. तरीही ती आपल्या जातीच्या विशिष्ट घडणीचे घरटे बांधते, डंख मारून निश्चेष्ट केलेले कोळी त्यात साठविते आणि त्यांपैकी एकावर अंडे घालते. अशा वर्तनाचा आराखडा आईबापांकडून जीनांच्या (आनुवंशिक घटकांच्या) द्वारे येतो. जे आनुवंशिक आहे व ज्यात व्यक्तिपरत्वे फरक आहेत, त्यावर नैसर्गिक निवडीचा परिणाम होतो. म्हणून पंख किंवा पाय यांप्रमाणेच वर्तनाचाही क्रमविकास होतो.

वर्तनाचे जीवाश्म क्वचितच सापडतात. त्यामुळे त्याच्या आनुवंशिकतेचा व क्रमविकासाचा अभ्यास प्रामुख्याने तीन मार्गांनी केला जातो : भिन्न वर्तनाच्या वाणांचा संकर करणे, उत्परिवर्तनामुळे (आनुवंशिक लक्षणांत होणाऱ्या आकस्मिक बदलामुळे) वर्तन बिघडलेल्या व्यक्तींचे परीक्षण करणे आणि निकटच्या जातींची तुलना करणे.

मधमाश्यांतील स्वच्छता-वर्तन : वर्तनाच्या आनुवंशिकतेचे हे अभिजात उदाहरण होय. अमेरिकन फाउलब्रूड या सूक्ष्मजंतुजन्य रोगाने युरोपीय मधमाशीचे डिंभ (अळ्या) मेणाच्या झाकणाखाली, कोठडीतच मरतात. काही वाणांतील कामकरी माश्या अशा कोठडीचे झाकण काढून मृत डिंभ पोळ्याबाहेर टाकतात व त्यामुळे रोग पसरत नाही. इतर वाणांत मृत डिंभ तसेच राहतात. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर रोथेनबूलर यांनी या दोन प्रकारच्या वाणांचा संकर केला आणि १९६४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या संकरित पिढीतील सर्व वसाहती अस्वच्छ निघाल्या; म्हणजे स्वच्छतेचे लक्षण अप्रभावी ठरले.

यानंतर संकरित राण्यांच्या नरांचे वीर्य स्वच्छ वाणाच्या राण्यांत, प्रत्येकीत एकाच नराचे याप्रमाणे, कृत्रिम रीत्या सोडण्यात आले. मधमाशीचा नर अफलित अंड्यापासून निपजतो व त्याच्या सर्व शुक्राणूंत एकच जीनसंच असतो. त्यामुळे प्रत्येक वसाहतीतील कामकरी माश्यांच्या वर्तनावरून त्या नराची आनुवंशिक घडण उघड होते. अशा २९ वसाहतींपैकी ६ पूर्णपणे स्वच्छ होत्या. ९ वसाहतींतील माश्या झाकण काढीत. पण मृत डिंभ तेथेच ठेवीत. उरलेल्या १४ वसाहतींत झाकणही काढले जात नसे. मात्र प्रयोगकर्त्याने स्वतः झाकणे काढून दिली, तेव्हा त्यांतील ६ वसाहतींनी मृत डिंभ बाहेर टाकले आणि ८ वसाहतींनी टाकले नाहीत. ६, ९, ६ व ८ हे चार गट जवळजवळ समान आहेत. झाकण काढणे आणि डिंभ बाहेर टाकणे या क्रिया दोन स्वतंत्र अप्रभावी जीनांवर अवलंबून असतील, तर मेंडेल यांच्या नियमांनुसार असेच प्रमाण अपेक्षित आहे. एकसंध भासणारे काम वेगवेगळ्या आनुवंशिक घटकांनी जुळलेले असू शकते, हे यावरून दिसून आले.

पुढील संशोधनाने हे चित्र अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दाखविले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वर्तनाशी निगडित असे गुणसूत्रांवरील सात भाग सुचविण्यात आले व त्यांपैकी प्रत्येकाचा वाटा मर्यादित असल्याचे आढळले. ‘एक वर्तन, एक जीन’ असा साधा संबंध निसर्गात क्वचितच असतो.

फळमाशीवरील संशोधन : ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर  ही फळमाशी लहान असून तिची पिढी सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होते, त्यामुळे उत्परिवर्तनांच्या अभ्यासास ती विशेष सोयीची आहे. १९७१ मध्ये सेमूर बेंझर व रोनल्ड कोनोप्का यांनी दैनंदिन हालचालींचा ताल बदललेल्या माश्या शोधून काढल्या. सर्वसाधारण माशीचे आवर्तन सुमारे २४ तासांचे असते. उत्परिवर्ती माश्यांपैकी एका प्रकारात ते १९ तासांचे, दुसऱ्यात २८ तासांचे होते, तर तिसऱ्यात ताल मुळीच नव्हता. ही तिन्ही उत्परिवर्तने क्ष-गुणसूत्रावरील एकाच जीनातील होती. त्याला ‘पीरियड’ हे नाव देण्यात आले. १९८४ मध्ये हा जीन वेगळा करण्यात आला. त्याच्या साहाय्याने तयार होणारे प्रथिन रात्री साठत जाते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि स्वतःच्याच जीनाचे कार्य थांबविते; प्रथिनाचा ऱ्हास झाला की, जीन पुन्हा कार्यान्वित होतो. या यंत्रणेच्या उलगड्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी, वेरोनिका रॉड्रिग्ज व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात गंध व चव यांना सदोष प्रतिसाद देणाऱ्या उत्परिवर्ती फळमाश्या मिळविल्या आणि रासायनिक संवेदनांच्या आनुवंशिक विश्लेषणाचा पाया घातला. प्रणयाराधनासारखे गुंतागुंतीचे वर्तनही जीनांशी निगडित असते. ‘फ्रूटलेस’ या जीनापासून नरात विशिष्ट स्वरूपाची प्रथिने तयार होतात. २००५ मध्ये मादीमध्ये त्यांची निर्मिती घडवून आणली असता ती नराप्रमाणे इतर माद्यांचे प्रणयाराधन करू लागली.

जीन आणि परिस्थिती : जीन वर्तनाच्या शक्यता निश्चित करतो, प्रत्यक्ष वर्तन मात्र परिस्थितीवरही अवलंबून असते. फळमाशीचे काही डिंभ अन्नावर दूरवर फिरत खातात, तर काही फारसे न हलता खातात. मार्ला सोकोलोव्हस्की यांनी अभ्यासलेला हा फरक मुख्यतः ‘फॉरेजिंग’ या एका जीनाच्या दोन प्रकारांमुळे पडतो. निसर्गात दोन्ही प्रकार आढळतात. प्रयोगशाळेत गर्दीच्या परिस्थितीत पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेल्या माश्यांत फिरत्या प्रकाराचे प्रमाण वाढते. मधमाशीतही याच जीनाचा प्रतिरूप आहे. तरुण कामकरी माशी पोळ्यात राहून डिंभांचे पोषण करते व पुढे मध आणि पराग गोळा करण्यासाठी बाहेर पडते. या स्थित्यंतराबरोबर तिच्या मेंदूतील या जीनाचे कार्य वाढते. म्हणजे ज्या जीनातील भेदांमुळे एका कीटकात व्यक्तिव्यक्तींत फरक पडतो, त्याच्याच कार्यात दुसऱ्या कीटकात वयोमानानुसार बदल होतो.

समाजशील वर्तनाचा क्रमविकास : मुंग्या व मधमाश्या यांच्या कामकरी माद्या सामान्यतः स्वतः प्रजोत्पादन न करता राणीची संतती वाढवितात. जी व्यक्ती संतती मागे ठेवीत नाही, तिचे वर्तन पुढील पिढीत कसे उतरते, ही अडचण चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्येच नमूद केली होती व निवड कुटुंबावरही होऊ शकते, असे तिचे उत्तर सुचविले होते. ब्रिटिश जीववैज्ञानिक डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये या विचारास गणिती रूप दिले. आप्ताला होणारा लाभ गुणिले आप्तसंबंधाचे प्रमाण हे साहाय्यकर्त्याच्या हानीपेक्षा अधिक असेल, तर साहाय्य करविणारा जीन पसरू शकतो. मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांचे नर एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेले) असल्याने एकाच आईबापाच्या बहिणींमधील आप्तसंबंध ३/४ असतो, तर आई व मुलगी यांच्यातील १/२ असतो. बहिणींना वाढविणे त्यामुळे फायद्याचे ठरते, असा युक्तिवाद करण्यात आला.

तथापि या स्पष्टीकरणास मर्यादा आहेत. भावांशी आप्तसंबंध केवळ १/४ असतो. मधमाशीची राणी अनेक नरांशी समागम करीत असल्याने बहिणींमधील सरासरी आप्तसंबंध घटतो. आणि वाळवीत दोन्ही लिंगे द्विगुणित असूनही समाजव्यवस्था विकसित झाली आहे. दक्षिण भारतातील रोपॅलिडिया मार्जिनॅटा  या गांधीलमाशीवर राघवेंद्र गदगकर यांनी बंगलोर येथे दीर्घकाळ संशोधन केले. या जातीत राणी व कामकरी दिसण्यात सारख्याच असून कामकरी मादीलाही राणी होणे शक्य असते. एकटीने घरटे बांधणारी मादी पिले वाढण्यापूर्वी मेल्यास तिचे सर्व श्रम वाया जातात. समूहातील मादीचे अपुरे काम मात्र इतर माद्या पूर्ण करतात. त्यामुळे आप्तसंबंध फार निकटचा नसतानाही समूहात राहणे लाभदायक ठरू शकते, असे त्यांनी दाखविले.

प्रत्यक्ष दिसून आलेले क्रमविकासी बदल : वर्तनाशी निगडित बदल थोड्या काळातही घडतात. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर टेलिओग्रिलस ओशनिकस  या रातकिड्याचा नर मादीला बोलावण्यासाठी पंख घासून आवाज करतो. पण त्याच आवाजाच्या रोखाने एक परजीवी माशी येऊन त्याच्यावर आपले डिंभ सोडते व ते त्याला आतून खातात. क्ष-गुणसूत्रावरील एका उत्परिवर्तनामुळे पंखांवरील नादयंत्रणा नष्ट झालेले मुके नर २० हून कमी पिढ्यांत बहुसंख्य झाले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे नर उरलेल्या गाणाऱ्या नरांच्या आसपास राहून तेथे येणाऱ्या माद्यांशी समागम साधतात.

जर्मन झुरळांच्या काही समूहांत ग्लुकोजयुक्त विषारी आमिष टाळण्याची आनुवंशिक प्रवृत्ती आढळल्याचे १९९३ मध्ये नोंदविण्यात आले. या झुरळांत कडू चवीची जाणीव करून देणाऱ्या तंत्रिका पेशी ग्लुकोजनेही उद्दीपित होतात, असे २०१३ मध्ये सिद्ध झाले. आमिषाचा उपयोग हीच येथे निवड ठरली.

उपयुक्तता : कीटकनियंत्रणात केवळ विषाला होणाऱ्या प्रतिकाराचा विचार पुरेसा नाही, तर विषाचा संपर्क टाळणाऱ्या वर्तनाचीही दखल घ्यावी लागते, हे वरील उदाहरणावरून स्पष्ट होते. मधुमक्षिकापालनात स्वच्छता-वर्तनाची निवड प्रत्यक्ष केली जाते. पोळ्याच्या एका भागातील झाकलेली पिलावळ अतिशीत द्रव नायट्रोजनाने मारून ती किती वेळात साफ होते, हे पाहतात व चांगल्या वसाहतींच्या राण्या पैदाशीसाठी वापरतात. व्हरोआ  या माइटाचा मूळ आश्रय आशियाई मधमाशी (महाराष्ट्रातील सातेरी हिचाच प्रकार) होय. तिच्या वसाहतीत हा माइट मुख्यतः नरांच्या कोठड्यांतच वाढतो व कामकरी माश्या आपल्या बाधित भगिनींची पिलावळ काढून टाकतात, त्यामुळे वसाहत सहसा टिकते. युरोपीय मधमाशीचा या माइटाशी संबंध विसाव्या शतकात आला. तिच्यात हा समतोल विकसित झालेला नसल्याने उपचार न केल्यास वसाहती नष्ट होतात. दीर्घ सहवासात निसर्गाने एका जातीत घडविलेले वर्तन दुसऱ्या जातीत निवडक पैदाशीने दृढ करण्याचे प्रयत्न चालू आहेत.