पकडला जातो खलाशी, मग बोटमालकाची जबाबदारी काय? डहाणू-तलासरी ते कराची जेल, समजून घ्या सगळं प्रकरण

१७ मार्च २०२४. डहाणू तालुक्यातल्या एका आदिवासी खलाशाचा कराचीत मृत्यू झाला. तो तिथल्या जेलमध्ये कैदी होता. गुजरातच्या एका बोटीवर मासेमारीला गेला असताना पाकिस्तानने त्या बोटीवरच्या सगळ्यांना पकडलं होतं. त्याचा मृतदेह गावच्या पाड्यावर पोहोचायला सुमारे दीड महिना लागला.

त्याचा गुन्हा काय? समुद्रातली हद्द ओलांडली. पण बोट त्याची नव्हती, ती कुठे न्यायची हे त्याच्या हातात नव्हतं आणि पकडलेल्या माशांवरही त्याचा हक्क नव्हता.

अशी घटना घडली की बातमी भारत-पाकिस्तान संबंधांची होते. या माणसाला कामावर कुणी ठेवलं आणि त्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

डहाणू-तलासरीचे लोक गुजरातच्या बोटींवर का जातात?

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याचे गुजरातच्या सीमेजवळचे तालुके. दोन्हीकडे आदिवासींची, त्यातही वारली समाजाची संख्या मोठी आहे. डोंगर उताराच्या जमिनीवर पावसाळ्यात एक भाताचं पीक निघतं, पण त्यावर वर्ष निघत नाही. मग कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी बांधकामावर, तर कुणी बोटीवर.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी ऑगस्टमध्ये उठली की पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ, ओखा या बंदरांतून बोटी सुटतात. त्यांना माणसं लागतात, आणि ती आणून देणारे लोक पाड्यापाड्यांत ओळखीचे असतात. ते घरी येऊन उचल देतात. पेरणी, आजारपण, लग्न किंवा घराची डागडुजी यात ती खर्च होते आणि पुढचे आठ-नऊ महिने बोटीवर काम करून फेडायची असते. लेखी करार बहुतेक वेळा नसतो.

या भागाला कर्जाच्या बदल्यात श्रम ही गोष्ट नवी नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन त्याच्याकडे राबणाऱ्यांना इथे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला, तो याच वेठबिगारीविरुद्ध. तेव्हा उंबरगाव, डहाणू हे सगळं एकाच ठाणे जिल्ह्यात होतं. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातमध्ये गेलं आणि मध्ये राज्याची सीमा आली. लोकांचं येणं-जाणं चालूच राहिलं.

बोटी पाकिस्तानच्या हद्दीत जातात कशा?

कच्छच्या रणात सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. भारत म्हणतो सीमा खाडीच्या मधोमध आहे, पाकिस्तान म्हणतो ती पूर्वेच्या काठावर आहे. हा वाद सुटलेला नाही, त्यामुळे तिथून पुढे समुद्रातली सीमाही दोघांच्या सहमतीने आखलेली नाही.

त्याच भागात मासा चांगला मिळतो. किनाऱ्याजवळचा मासा कमी झाल्यापासून बोटी आणखी लांब जातात. कधी इंजिन बंद पडतं, कधी प्रवाहाने किंवा वाऱ्याने बोट वाहत जाते, आणि कधी जाळं भरावं म्हणून जाणूनबुजून पुढे नेली जाते. बोटीवर निर्णय तांडेल घेतो. मालक बहुतेक वेळा किनाऱ्यावर असतो. खलाशाचं काम जाळं टाकायचं आणि ओढायचं.

पाकिस्तानची मेरिटाईम सिक्युरिटी एजन्सी बोट पकडते तेव्हा मात्र तांडेल आणि खलाशी असा फरक होत नाही. सगळ्यांची रवानगी कराचीच्या मलीर जेलमध्ये होते. कधी गोळीबारही होतो. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘जलपरी’ या बोटीवर झालेल्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातल्याच एका मच्छीमाराचा जीव गेला होता.

शिक्षा संपली तरी सुटका का होत नाही?

अशा प्रकरणांत शिक्षा बहुधा काही महिन्यांची असते. पण प्रत्यक्षात माणसं कित्येक वर्षं अडकतात.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००८ चा एक करार आहे. पकडल्यापासून तीन महिन्यांत दूतावासाच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यायचं, आणि शिक्षा पूर्ण झाली व नागरिकत्व पक्कं झालं की एका महिन्यात परत पाठवायचं, असं त्यात ठरलंय. याच करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ भारतीय मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचं सांगितलं. त्याच दिवशी भारताने दिलेल्या यादीत ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. म्हणजे हा त्रास पलीकडच्या कुटुंबांनाही आहे.

अडचण येते ती नागरिकत्वाच्या पडताळणीत. कागद दिल्लीहून राज्याकडे, तिथून जिल्ह्याकडे आणि मग स्थानिक पोलिसांकडे येतो. त्यात दोन्ही देशांचे संबंध बिघडले की सुटकाही लांबते. कैद्यांच्या प्रश्नासाठी निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती होती, तिची शेवटची भेट २०१३ मध्ये झाली. संबंध जरा सैल झाले की सुटका होते. २०२३ च्या मे आणि जून महिन्यांत मिळून जवळपास ४०० मच्छीमार सुटले, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ जण.

संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कायद्याचं कलम ७३ सांगतं की, किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडले म्हणून, देशांमध्ये वेगळा करार नसेल तर, तुरुंगवास देता येत नाही. हा करार दोन्ही देशांनी मान्य केलेला आहे. तरीही माणसं जेलमध्ये जातात.

मालकाचं काय होतं?

मालकाचंही नुकसान होतं, हे नाकारता येणार नाही. लाखो रुपयांची बोट जप्त होते आणि बहुतेकदा परत येत नाही. पाकिस्तानच्या ताब्यात हजाराहून अधिक भारतीय बोटी आहेत.

पण नुकसान होणं आणि जबाबदार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खलाशी जेलमध्ये असेपर्यंत त्याच्या पगाराचं काय? घेतलेली उचल माफ झाली की तशीच राहिली? घरी कळवायचं कुणी? ज्याच्याशी तोंडी बोलणं झालं तो माणसं पुरवणारा असतो. तो मालकाकडे बोट दाखवतो आणि मालक सरकारकडे.

गुजरात सरकार पाकिस्तानच्या जेलमधल्या मच्छीमारांच्या कुटुंबांना दिवसाला ३०० रुपये मदत देतं. ही मदत गरजेची आहे, पण ती सरकारी तिजोरीतून येते. ज्याच्या धंद्यासाठी माणूस समुद्रात गेला, त्याच्या खिशातून नाही.

कायदा काय सांगतो?

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा याच माणसांसाठी होता. दुसऱ्या राज्यातले पाच किंवा जास्त कामगार असतील तर ठेकेदाराला परवाना आणि कामगाराला पासबुक सक्तीचं होतं. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाइकांना कळवणं बंधनकारक होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यात विलीन झाला. आता या तरतुदींसाठी किमान १० आंतरराज्य कामगार असावे लागतात. मासेमारीच्या एका बोटीवर साधारण सहा ते आठ जण असतात. त्यामुळे प्रत्येक बोट वेगळी धरायची की मालकाच्या सगळ्या बोटी मिळून एक आस्थापना मानायची, यावर खलाशाचं संरक्षण अवलंबून आहे.

नोंद ठेवणं अशक्य आहे असंही नाही. गुजरातच्या बंदरातून निघताना बोटीला टोकन घ्यावं लागतं आणि बोटीवर कोण आहे याची नोंद होते. २६/११ च्या हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ बोट वापरली होती. त्यानंतर मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रंही आली. सुरक्षेसाठी खलाशाची ओळख सरकारकडे आहे. तीच नोंद पगार आणि भरपाईसाठी मालकाला बांधून घेणारी ठरू शकते.

हे फक्त इथेच घडतं का?

नाही. ४ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर इमिग्रेशनची धाड पडली. सुमारे ४७५ जणांना ताब्यात घेतलं, त्यात ३०० हून अधिक दक्षिण कोरियाचे होते. बरेच जण उपकंत्राटदारांमार्फत आलेले. बेड्या कामगारांच्या हातात पडल्या. अमेरिकेत १९८६ पासून बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला शिक्षेची तरतूद आहे, पण त्याने ‘जाणूनबुजून’ ठेवलं हे सिद्ध करावं लागतं. मध्ये उपकंत्राटदार असले की ते अवघड होतं.

फरक पुढे दिसला. कोरियाच्या सरकारने विशेष विमान पाठवलं आणि १२ सप्टेंबरला, म्हणजे आठ दिवसांत, त्यांची माणसं घरी पोहोचली. डहाणू-तलासरीच्या खलाशाची नुसती ओळख पटायलाच महिने जातात.

बोटीवर जाणाऱ्याने आणि घरच्यांनी काय जपून ठेवावं?

- बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि टोकनचा मोबाईलवर फोटो
- मालक, तांडेल आणि कामावर नेणाऱ्या माणसाचं नाव व फोन नंबर
- उचल किती घेतली आणि पगार किती ठरला, याची तारखेसह नोंद
- आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याच्या प्रती घरी

बोट पकडल्याचं कळताच हे सगळं घेऊन स्थानिक पोलीस ठाण्यात आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पडताळणीचा कागद शेवटी याच पोलीस ठाण्यात येतो. तो आला तेव्हा पुरावे तयार असतील, तर निदान आपल्या बाजूने उशीर होत नाही. आणि उद्या मालकाकडे पगार मागायची वेळ आली, तर हाच फोटो आणि हीच नोंद कामी येईल.