झाड दार लावून घेतं, फळाला ते जमत नाही

दसऱ्याच्या पुढेमागे बालाघाटच्या डोंगरांवरून बीडच्या बाजारात सीताफळं उतरू लागतात. आज टणक असलेलं फळ परवा बोट लावताच दबतं, आणि आणखी एक-दोन दिवसांत फेकून द्यावं लागतं. ज्या झाडाने मुरमाड उतारावर सगळा उन्हाळा पाण्याविना काढला, त्याचं फळ इतकं नाजूक कसं? उत्तर आहे सजीवांच्या मूळ व्यवहारात: बाहेरून घेणं आणि बाहेर टाकणं.

सुरुवात पानापासून करू. पानावर, मुख्यतः खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी असंख्य पर्णरंध्रं असतात. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. तो आत घेण्यासाठी रंध्र उघडावंच लागतं, आणि उघडलं की आतली ओल वाफ होऊन निघून जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असंच हवेत जातं. अन्न हवं असेल तर पाणी मोजावं लागतं; झाडाची यातून सुटका नाही. म्हणून माती कोरडी पडू लागली की रंध्राच्या दोन्ही कडांच्या पेशी पाणी सोडून ढिल्या पडतात आणि दार लागतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही मंदावतं.

खाली मुळांचा व्यवहार वेगळा. मूळरोमांच्या पेशींतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आपोआप आत शिरतं. नायट्रेट, पोटॅशसारखी द्रव्यं मात्र ऊर्जा खर्चून ओढून घ्यावी लागतात. त्या ऊर्जेसाठी मुळांना प्राणवायू लागतो आणि तो मिळतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. पाणी साचलं की पोकळ्या भरतात आणि मुळं गुदमरतात. पाण्याचा निचरा होणारी हलकी, मुरमाड जमीन सीताफळाला मानवते ती यामुळे.

हिवाळा सरता सरता सीताफळ पानंच टाकून देतं. पान नाही, रंध्र नाही, म्हणून पाण्याचा खर्चही नावापुरता. नवा कोंब जुन्या पानाच्या देठाच्या बुडाशी झाकलेला असतो. पान गळाल्यावरच त्याला वाट मिळते. उघडं पडलेलं ते झाड वाळलेलं वाटतं, पण पावसाची चाहूल लागली की पालवतं.

फळाची गोष्ट निराळी. तोडलं तरी ते जिवंतच असतं. प्राणवायू घेतं, साठवलेलं अन्न जाळतं, कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता बाहेर टाकतं. खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की शेतकरी म्हणतात, ‘डोळे उघडले’. तोडणीची हीच खूण. पुढे फळातून इथिलीन वायू सुटतो, श्वसनाचा वेग एकदम वाढतो, पिठूळपणा जाऊन गोडी येते. एका फळाचं इथिलीन शेजारच्यालाही पिकवतं. हवा खेळत नसलेल्या खोक्यात उष्णता साठते आणि सगळी खेप एकदमच पिकून उतरते.

फ्रिजमध्ये ठेवून हा श्वास थांबवावा, तर साल काळी पडते. सीताफळ उष्ण प्रदेशातलं; साधारण १२ अंशांखालची थंडी त्याच्या पेशींना बाधते. गर काढला तर हवेतल्या प्राणवायूने तो तपकिरी होतो. त्यामुळे गर लगेच गोठवणं हाच टिकवण्याचा खात्रीचा मार्ग.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रात नवे वाण निवडले गेले. ही दोन्ही कामं मोलाची आहेत. पण उत्पादकाची मिळकत शेवटी ठरते ती तोडणीनंतरच्या दोन-तीन दिवसांत. सावलीत तोडणी, हवेशीर खोकी, पिकण्याच्या अवस्थेप्रमाणे वेगळी केलेली फळं आणि बागेजवळच गर काढून गोठवण्याची सोय हे सगळं फळाच्या श्वासाला धरूनच आखावं लागेल. दुष्काळातही झाडाने आपला हिशोब चोख ठेवला. पुढचा हिशोब सांभाळणं आपल्याकडे आहे.